फौजदाराच्या अंगावरच्या गाठी

कोरेगाव,
मार्च १९९६

प्रिय लालासाहेब,

फौजदार जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायचं असं मी ठरवलं होतं, कारण तुझी सवय मला माहीत आहे. पत्र हातात आलं की तू आधी खालचं नाव बघतोस आणि मधलं सगळं उद्यावर टाकतोस. या वेळी तसं करू नकोस. चष्मा लाव, खिडकीजवळ बस आणि सावकाश वाच. भाऊसोला वाचायला देऊ नकोस. तुझा मुलगा भला आहे, पण हळदीच्या अडतीत बसून त्याला सगळं मोठ्यानं वाचायची सवय लागली आहे, आणि यातलं काही मोठ्यानं वाचण्यासारखं नाही. तुझ्या मानेवरच्या गाठीचं मी शेवटी लिहिणार आहे. आधी तुझ्या जनावराचं, कारण ते समजल्याशिवाय पुढचं तुला पटणार नाही. पत्र जयराजच्या ट्रकमधून येतंय. तो ते सीटखाली टाकतो की खिशात ठेवतो याची मला काळजी आहे. सीटखाली डिझेलचा डबा असतो.

तू दिवाळी झाल्यावर महिनाभरासाठी म्हणून सांगलीला गेलास. जाताना फौजदार बसला होता तो डहाळा तसाच कापून आणलास, माझ्या परसातल्या शेवग्याला सुतळीनं बांधलास आणि म्हणालास, “ह्याला काय करावं लागत न्हाई गड्या, फकस्त रोज बघत जा.” मी ते मनावर घेतलं. तुझी वहिनी मनुबाई मात्र त्याला तेव्हा आपल्या घरातला मानत नव्हती. तिचं एकटीचं तसं नाही म्हणा, असला रंग बदलणारा सरडगुहिरा दिसला की आपल्याकडे माणूस आधी थुंकतो आणि मग दगड शोधतो. स्टेशनच्या रस्त्यावर तुझ्या सोनकी घोडीनं ज्या बाभळीपाशी पाय रोवले होते, ती बाभळ आता रस्ता रुंद करताना गेली. त्या दिवशी तुझ्या टांग्यात लग्नाची माणसं होती आणि सगळी मारा, मारा म्हणून ओरडत होती. तू खाली उतरून चाबकाचा दांडा पुढे धरलास, आणि रस्त्यातला तो सरडगुहिरा एकेक पाय विचार करून टाकत त्या दांड्यावर चढला. लग्नाची माणसं तुझा टांगा सोडून माझ्या टांग्यात येऊन बसली. मी त्यांना घेऊन गेलो. मागं वळून बघितलं तर तू रस्त्याच्या मधोमध दांडा धरून उभा होतास, आणि तुझा चेहरा मी बऱ्याच दिवसांत तसा खूश बघितला नव्हता. एक डोळा पुढं आणि एक मागं ठेवून बघतो म्हणून टांग्याच्या अड्ड्यावर त्याला फौजदार हे नाव पडलं. मग सोनकी गेली, मी माझा घोडा विकला, अड्ड्याच्या जागेवर रिक्षा उभ्या राहिल्या. टांग्याच्या दिवसांतला तेवढा फौजदार उरला.

तर मी रोज बघत गेलो. सकाळी रुळाच्या कडेच्या गवतात नाकतोडे धरायला जायचं, हे माझं काम झालं. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे बहुतेक नाकतोडे निसटतात. फाटकावरचा माणूस ओरडतो, “नाथाजी, घोडं गेलं आन आता किड्यांवर आलास व्हय रं?” मी पुढच्या गवतात सरकतो. धरलेला नाकतोडा डहाळ्याच्या टोकाला ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. फौजदार आधी एक डोळा वळवतो, मग दुसरा. मग बराच वेळ काहीच होत नाही. आणि मग जीभ बाहेर येऊन आत गेलेली असते, नाकतोडा नसतो. मी काळजी करणारा माणूस आहे हे तुला नव्यानं सांगायला नको. मांजराची काळजी, घारीची काळजी, थंडीची काळजी. पोतं पांघरलं तर गुदमरेल याची काळजी आणि नाही पांघरलं तर गारठेल याची. मनुबाई म्हणाली, “माजा गुडघा सुजला तवा येवढ्यांदा बघितला न्हाईसा. त्याला काय नवरी दाखवायची हाय का, सकाळधरनं अंग चाळताय त्याचं?” अंग चाळत होतो म्हणूनच दिसलं, हे मात्र तिनं नंतर कबूल केलं.

संक्रांतीच्या सुमाराला पहिली गाठ दिसली. पुढच्या पायाच्या खाकेत, राखी रंगाची, ज्वारीच्या दाण्याएवढी. नंतर शेपटीच्या बुडाशी दुसरी, तशीच. आणि मग एके सकाळी तो उन्हाकडे तोंड करून बसला असताना जबड्याखाली तिसरी दिसली, डाव्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढी. लालासाहेब, मी हातातला नाकतोडा सोडून दिला. तुझी गाठही डावीकडे आहे. दिवाळीत तू भर उन्हात मफलर गुंडाळून हिंडत होतास आणि मी विचारल्यावर म्हणालास की जुनी चामखीळ जरा सुजली आहे. घरात जाऊन मी आरशासमोर स्वतःची मान चाचपली. माझ्या मानेला काही नव्हतं. मनुबाईनं विचारलं काय करताय, मी म्हणालो दाढी राहिली आहे का बघतोय.

आता हे काय आहे ते ओळखायचं कसं? जनावरं आपण जन्मभर पाळली, पण घोड्याच्या अंगावर केस असतात आणि याचं अंग खसखस पेरल्यासारखं. आधी मला वाटलं कात टाकत असेल. कात तो टाकतच होता, पाठीवर पांढऱ्या कागदाच्या चिंध्या लोंबत होत्या. मी पाण्याचा हात फिरवला, चिंध्या निघाल्या, गाठी तिथंच. मग वाटलं बाभळीचा काटा मोडून आत राहिला असेल. पण काटा तीन ठिकाणी कसा मोडेल, आणि माझ्या परसात बाभूळ नाही. मनुबाई म्हणाली उष्णतेनं आलं असेल, ताक लावा. ताक लावलं. फौजदार काळाठिक्कर पडला आणि मुंग्या आल्या, त्या वेचण्यात दुपार गेली. गाठी वाढतच होत्या, खाकेतली तर चांगली टम्म झाली. तेव्हा मी ठरवलं की ही चामखीळ आहे. ठरवलं हाच शब्द बरोबर आहे. चामखीळ असेल तर त्यावर काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून ती चामखीळ.

तुला आठवतं, अड्ड्यावर किती लोक केस मागायला यायचे. शाळेचे मास्तर यायचे, बँकेतले साहेब यायचे. घोड्याच्या शेपटीचा लांब केस चामखिळीच्या मुळाशी आवळून बांधायचा, रोज थोडा थोडा ताणायचा, की ती वाळून आपोआप गळून पडते. सवारी नसली तरी आपल्याकडे केसाचं गिऱ्हाईक असायचंच. तू तर माणसाच्या चामखिळीकडे बघून केस किती लांबीचा हवा ते सांगायचास. पण आता केस आणायचा कुठून? अख्ख्या गावात एकच जनावर उरलंय, तात्याबाची वरातीची घोडी. मी गेलो तेव्हा तो तिच्या शेपटीला मेंदी लावत होता. लगीनसराई आली की तो शेपटी आणि आयाळ दोन्ही रंगवतो, बँडवाल्यांच्या कपड्याला शोभावी म्हणून. मी केस मागितला. त्यानं विचारलं, “कुणाला रं?” सरड्याला म्हणालो असतो तर त्यानं घोडी माझ्या अंगावर घातली असती. मी म्हणालो, लालासाहेबाला. तो लगेच हळवा झाला. भरपूर केस उपटून दिले आणि म्हणाला, “त्याला म्हणावं ये की माघारी. सांगलीत काय टांगा हाय का घोडं हाय? नुसती हळद हुंगत बसलाय तितं.” केस कागदात गुंडाळून मी घरी आलो. माझ्या तोंडून तुझं नाव सहज निघून गेलं होतं. त्याचं पुढं काय होईल हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

बांधायचं काम एकट्यानं होईना. त्याला धरलं की केस निसटायचा आणि केस धरला की तो. शेवटी मनुबाईनं, जिनं आजवर त्याला बोटही लावलं नव्हतं, पदर दोन्ही हातांना गुंडाळला आणि फौजदाराला धरलं. त्यानं तोंड उघडून फुसकारा टाकला, गळा फुगवला, हिरव्याचा काळा झाला. “आवं बांधा लवकर,” ती ओरडत होती, “बघतोय बगा माज्याकडं, दोन्ही डोळ्यांनी बघतोय.” मी तिन्ही गाठींना केस बांधला. बांधून झाल्यावर तिनं त्याला शेवग्यावर सोडलं आणि जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “केशरी दोऱ्यांत लगनातल्यावानी दिसतंय.” तेव्हापासून ती त्याच्याशी बोलते. माझ्यादेखत नाही, पण परसातून आवाज येतो.

थोड्या दिवसांनी खाकेतली गाठ गळाली. शेवग्याखाली फरशीवर पडलेली मला दिसली, केसाचं वेटोळं शेजारी. मला इतका आनंद झाला की मी आधी चहाच्या हॉटेलात गेलो आणि तिथं बसलेल्या सगळ्यांना सांगितलं, की डॉक्टर लोकांना जे जमत नाही ते घोड्याच्या एका केसानं होतं. कुणाची चामखीळ होती ते सांगितलं नाही. परत आलो, कागदात बांधून ठेवावी, तुला दाखवावी म्हणून खाली वाकलो, तर ती जागेवर नव्हती. उंबऱ्याकडं निघाली होती. चामखीळ चालत होती, लालासाहेब. तिला पाय होते. मी कट्ट्यावर बसलो आणि तिला उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं.

गोचीड होती ती. तुझ्या-माझ्यासारख्या माणसानं, ज्यानं रोज खरारा केला, घोड्याच्या कानातून, काखेतून, शेपटीखालून गोचिडी वेचून रॉकेलच्या डब्यात टाकल्या, त्यानं गोचीड ओळखली नाही. बरं, बसली होती कुठं? काखेत आणि शेपटीच्या बुडाशी, म्हणजे जिथं घोड्याला बसते तिथंच. मनुबाई हसून हसून खाली बसली. म्हणाली, “घोड्याची गोचीड चालत्या टांग्यातनं दिसायची तुमास्नी, आन ही नाकाफुडं आसून दिसली न्हाई?” मी त्यावर बराच विचार केला. तू गेल्यापासून माझ्या डोक्यात गाठ हा एकच शब्द होता, त्यामुळे मला जे दिसेल ती गाठच. भ्यालेल्या माणसाला जास्त दिसतं असं मला आजवर वाटायचं. तसं काही नाही. शेपटीची दुसरी मी चिमट्यानं काढली, तीही गोचीडच.

राहिली जबड्याखालची. ती कधी चालते याची मी वाट बघत बसलो. ती चालली नाही. केसानं तिच्याभोवतीची कातडी काळी पडली आणि आत रुतायला लागली, पण गाठ होती तेवढीच, उलट ताठ झाली. मग फौजदारानं खाणं सोडलं. नाकतोडा समोर असायचा, डोळा वळायचा, तोंड उघडायचं, पण जीभ बाहेर पडायची नाही. रंग मातीसारखा झाला. दिवसभर एकाच जागी बसून डोळे मिटायचा, आणि दिवसा डोळे मिटलेला फौजदार मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं आता हा जाणार, आणि तुला कोणत्या तोंडानं कळवायचं? तू परत यायचं नाव काढत नव्हतास, पत्रात फक्त त्याची चौकशी करत होतास. तो गेला तर तू परत येणार नाहीस, असं काहीतरी माझ्या मनात बसलं होतं.

शेवटी त्याला कडब्याच्या टोपलीत घालून आम्ही दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं आता आबा हमालाची धाकटी मुलगी डॉक्टर म्हणून आली आहे, आम्रपाली. आबा स्टेशनवर ओझी उचलायचा आणि ही टांग्याच्या पायरीवर बसून पाढे म्हणायची, ती. रांगेत म्हशी होत्या, शेळ्या होत्या. एकानं विचारलं टोपलीत काय कोंबडी का, मनुबाई म्हणाली, “फौजदार हाय, सरका.” झाकण उघडल्यावर रांग आपोआप मोकळी झाली. आम्रपालीनं भिंग लावून बराच वेळ बघितलं. म्हणाली, “आजोबा, मी म्हशीची डॉक्टर. सरडा मी पुस्तकातच बघितलाय, ते आधीच सांगते.” मग तिला केस दिसला. “हे काय बांधलंय?” मी म्हणालो, घोडीचा केस. ती वर न बघता म्हणाली, “मेंदी घोडीनं लावली होती का सरड्यानं?” मी तिला गोचिडींचं सगळं सांगितलं आणि विचारलं की ही तिसरी चामखीळ आहे का आवाळू आहे का आणखी काही वाईट आहे. तिनं जे सांगितलं ते मी इथं जसंच्या तसं लिहितो, कारण परत येताना मी ते मनाशी घोकत आलो. ती म्हणाली, “वरून तिन्ही तुम्हाला सारख्या दिसल्या. मलाही सारख्याच दिसल्या असत्या. दोन चालल्या म्हणून कळल्या. ही चालत नाही, म्हणजे ही गोचीड नाही, एवढंच कळलं. बाकी काय आहे ते आत बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि जो न बघता सांगेल त्याचं तुम्ही ऐकू नका.”

तिनं तिच्या कॉलेजातल्या सरांना फोन करून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी टोपली टेबलावर ठेवली आणि बाहेर नळापाशी जाऊन उभा राहिलो. मला बघवलं नाही. मनुबाई आत राहिली, पदर गुंडाळून. तिच्या सांगण्यावरून लिहितो. डॉक्टरीणबाईनं आधी केस कापून काढला, मग छोटी चीर दिली, आणि आतून हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा, टणक तुकडा निघाला. पू होता तो. सरड्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही, आतल्या आत वाळून खडा होतो, असं सरांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणजे ते गळू होतं. चामखीळ नव्हती, आणि मी ज्याला भीत होतो तेही नव्हतं. कुठंतरी खरचटलं असेल, आत घाण गेली असेल. जखम धुऊन तिनं लाल औषध लावलं. मला आत बोलावून तिनं तो तुकडा कापसावर दाखवला. मी विचारलं, दुसरं काही वाईट निघालं असतं तर? ती म्हणाली, “तर तेही आजच कळलं असतं. आज कळलेलं बरं का पुढच्या महिन्यात?” मग एक बोलली ते तुला आवडणार नाही. हे जनावर घरात ठेवायचं नसतं, कायद्यानं मनाई आहे, जखम भरली की झाडावर सोडून द्या, म्हणाली. मी हो म्हणालो, पण तुझ्याशिवाय मी ते करणार नाही.

परवा त्यानं पहिला नाकतोडा खाल्ला. जीभ जरा वाकडी गेली, पण धरला. रंग पुन्हा हिरवा होतोय. जबड्याखाली खळगा राहील बहुतेक.

आता तुझं. काल जयराज बटाटा भरायला बाजारात आला होता. म्हणाला, तात्याबानं मागं त्याला सांगितलं होतं की नाथाजी लालासाहेबासाठी घोडीचे केस घेऊन गेला, आणि त्यानं ते सांगलीत तुझ्या कानावर घातलं. तेव्हापासून तू त्याला दर खेपेला विचारतोस, नाथाजीनं केस दिले का. भाऊसोला आणि क्रांतीला कळू देऊ नको म्हणतोस. आणि क्रांतीनं सासऱ्यासाठी मिरजेच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासायची तारीख घेतली होती, ती तू बरं वाटत नाही म्हणून पुढं ढकललीस. बरं वाटत नाही हे खोटं. तू माझ्या केसाची वाट बघतोयस. म्हणून हे पत्र, गड्या. ते केस मी तुझ्यासाठी घेतले नव्हते आणि तुला पाठवणारही नाही. केस मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही आपल्या अड्ड्याची रीत होती, आणि मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही; तुला म्हणतोय. उरलेले केस मनुबाईनं चुलीत घातले, तेव्हा जयराजच्या मागं लागू नकोस. तुझी चामखीळ असेल, गळू असेल, आवाळू असेल किंवा ज्याचं नाव आपण दोघं घेत नाही ते असेल. मला ओळखता येत नाही आणि तुलाही येत नाही. आपल्याला गोचीड ओळखता आली नाही. क्रांतीनं नवी तारीख बुधवारची घेतली आहे, हे जयराजनंच सांगितलं. मी मंगळवारच्या पॅसेंजरनं निघतोय. सांगलीला उतरणार नाही, कारण उतरलो तर तू मला चहा पाजून, इकडचं तिकडचं बोलून तिथंच बसवशील. सरळ मिरजेला येतो, रात्री स्टेशनवर पडतो आणि बुधवारी सकाळी दवाखान्याच्या दारातल्या बाकावर बसतो. तू ये. नाही आलास तर मी तिथून उठणार नाही, आणि अनोळखी गावात एकट्यानं बसलं की काळजीनं माझं काय होतं ते तुला चांगलं माहीत आहे.

तुझाच,
नाथाजी